तारखेची जागा

व्हीलचेअरला हात लावण्याआधी झेनोनराव नेहमी तिच्या पुढे येऊन उभे राहायचे. बाकीचे पोर्टर मागून यायचे, ब्रेक काढायचे, "ऑल राइट, लव्ह?" म्हणायचे आणि ढकलायला लागायचे. झेनोनराव समोर यायचे, पेशंटच्या डोळ्याला डोळा भिडेल इतके कमरेत वाकायचे, मनगटावरच्या पट्टीवरचं नाव वाचायचे आणि आपल्या तुटक्या इंग्रजीत विचारायचे, "कशाची भीती वाटते?"

बरं वाटतंय का, नाही. दुखतंय का, नाही. कशाची भीती वाटते! आणि लोक सांगायचे हो. यॉर्कशरची म्हातारी माणसं काय चीज असतात ते त्यांच्यात काम केल्याशिवाय कळायचं नाही. खुब्याचं हाड मोडून पडलेली असतील, तरी आम्हाला "मस्टन्ट ग्रम्बल", तक्रार कशाला करायची, याच्या पलीकडे एक अक्षर सांगणार नाहीत. ती माणसं या परक्या पोर्टरला सगळं सांगायची. कुणाला लिफ्टची भीती, कुणाला घरी मांजर उपाशी असेल याची. एका आजीबाईंना भीती होती की आपल्याला वॉकर लागला तर मुलगी घर विकायला काढेल. झेनोनराव ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे, आणि लिफ्टची भीती असेल तर आधी स्वतः लिफ्टमध्ये उभं राहून दार धरून दाखवायचे. चार महिन्यांनी तोच पेशंट परत आला तरी त्याची भीती त्यांना आठवत असायची.

मी तेव्हा लीड्सच्या एका मोठ्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट होते. आमच्या जिममध्ये दिवसातून सहा-सात वेळा तरी ते पेशंट आणून सोडायचे. मला वाटायचं, काय माया आहे या माणसात! हे आत्ता लिहिताना माझा मलाच राग येतो. पण वाटायचं खरं.

पोलंड युरोपियन युनियनमध्ये आलं आणि दीड-दोन वर्षांत आमचं हॉस्पिटल बदललं. सफाईला पोलिश, किचनमध्ये पोलिश, पोर्टरमध्ये पोलिश. त्यांच्यात मोठ्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारत नाहीत, नावाआधी 'पान' लावतात. हे मी घरी सांगितलं तेव्हा माझा नवरा सुधीर म्हणाला, "म्हणजे आपला 'राव' की! पान झेनोन म्हणजे झेनोनराव." तेव्हापासून आमच्या घरात ते झेनोनरावच झाले. त्यांचं आडनाव मला शेवटपर्यंत नीट म्हणता आलं नाही.

वय पंचावन्नच्या आसपास. उंच, केस बारीक कापलेले, पोर्टरच्या शर्टाच्या बाह्यांना अशी इस्त्री की घडीवर बोट कापावं. बूट चकचकीत. कॅन्टीनमध्ये दाराकडे पाठ करून कधी बसले नाहीत. कुणाला 'नाही' म्हणालेलं मी ऐकलं नाही, आणि आवाज चढवलेला तर नाहीच नाही. त्यांच्यासमोर मोठ्याने बोलणारा माणूससुद्धा दोन मिनिटांत हळू बोलायला लागायचा.

हा माणूस त्याच्या गावाकडे दोनदा नगराध्यक्ष होता, हे मला त्यांनीच सांगितलं. कॅन्टीनमध्ये समोरासमोर बसलो होतो. त्यांच्यापुढे क्रम्बल आणि कस्टर्ड, माझ्यापुढे घरून आणलेला डबा. कोळशाच्या खाणींचं गाव. खाणी बंद पडल्या, लोक बेकार झाले, आणि झेनोनरावांनी एका नव्या पक्षाची शाखा तिथे काढली, वाढवली. कुणाला शाळेत चिकटवलं, कुणाला नगरपालिकेत. मग एक दिवस पक्षाच्या मीटिंगमध्ये त्यांच्याविरुद्ध ठराव आला.

"अकरा हात वर गेले," ते म्हणाले, आणि आपला हात टेबलावरून सावकाश उचलून खांद्यापर्यंत नेऊन दाखवला. "सगळे मी वाढवलेले. मी एकेकाकडे बघितलं. त्यातल्या प्रत्येकाची भीती मला माहीत होती. पण मी ती कधी वापरली नव्हती. ती माझी चूक."

एवढं बोलून ते कस्टर्ड चमच्याने सारखं करत बसले. मी काय म्हणाले असेन? "अरेरे, लोक किती कृतघ्न असतात ना," असंच काहीतरी. त्यांनी जे सांगितलं ते मी ऐकलंच नाही. मला तो अकरा जणांनी दगा दिलेला बिचारा माणूस दिसत होता.

मलाही त्यांनी एकदा विचारलं. रिकामी ट्रॉली घेऊन ते लिफ्टमध्ये, मी फायली घेऊन. "आणि तुम्हाला? कशाची भीती वाटते?"

हसण्यावारी न्यायचं होतं, पण त्या माणसाच्या विचारण्यातच काहीतरी होतं. मी बाबांबद्दल सांगत बसले. बाबा फलटणला गुरांचे डॉक्टर, सरकारी, म्हणजे राजपत्रित अधिकारी. दहावी-बारावीचे निकाल लागले की दवाखान्यापुढे एका बाजूला म्हशी आणि दुसऱ्या बाजूला पोरांची रांग. सर्टिफिकेटच्या झेरॉक्सवर बाबांची सही पाहिजे असायची, ही खरी प्रत आहे म्हणून. बाबा गोठ्यातून यायचे, हात धुवायचे, आणि मूळ कागद शेजारी ठेवून झेरॉक्सवरचं अक्षरन् अक्षर ताडून बघायचे. मूळ कागद नसेल तर सही नाही. माझा सख्खा चुलतभाऊ मूळ सर्टिफिकेट न आणता आला होता, दुसऱ्या दिवशी फॉर्मची शेवटची तारीख. काकू रडली, आजी बोलली, पण बाबांनी सही केली नाही. दोन वर्षं काका आमच्याकडे आले नाहीत.

"माझ्यामुळे बाबांना कधी मान खाली घालावी लागेल, एवढीच भीती वाटते," मी म्हणाले.

झेनोनरावांनी मान डोलवली. "फार चांगली भीती आहे," ते म्हणाले. लिफ्ट थांबली आणि ट्रॉली घेऊन ते बाहेर गेले.

दर शनिवारी हॉस्पिटलपासून दोन स्टॉपवरच्या एका चर्च हॉलमध्ये आमच्या महाराष्ट्र मंडळाची मराठी शाळा भरायची. शाळा कसली, नऊ मुलं आणि मी. "माझा आई किचनमध्ये आहे" म्हणणारे मुलगे आणि "मी आलो" म्हणणाऱ्या मुली. आमचा वर्ग बाराला. त्याआधी दहा ते बारा त्याच खोलीत पोलिश मुलांची शाळा असायची, आणि ती चालवायची दानूता.

दानूता आमच्याच मजल्यावर फरशी पुसायची. माझ्याच वयाची, बुटकी, हात चुलाण्यातून काढल्यासारखे लाल. तिकडे ती बावीस वर्षं शाळेत शिकवत होती. इथे तिचं इंग्रजी बेताचं, म्हणून मॉप आणि बादली. पण शनिवारी बघावं तिला! कोट काढायच्या जागी उभी राहून कामाचे बूट काढायची, पिशवीतून टाचांचे काळे बूट काढून घालायची, आरशाशिवाय लिपस्टिक लावायची आणि खोलीत जायची. ती आत आली की तीसेक मुलं खाडकन उभी राहायची. वर्ग संपल्यावर आम्ही दोघी हॉलच्या किटलीत चहा करून प्यायचो. "आठवड्यात सहा दिवस मी पाय बघते," ती एकदा म्हणाली, "लोकांचे पाय. शनिवारी चेहरे."

ही शाळा तिने एकटीने उभी केली होती. झेनोनराव नंतर आले. त्यांनी पोलिश लोकांसाठी एक क्लब काढला आणि शाळा त्या क्लबमध्ये घेतली. खोटं कशाला बोलू, क्लबचा लोकांना फार उपयोग झाला. नवीन आलेल्या माणसाला जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव कसं घालायचं, कौन्सिलचा फॉर्म कसा भरायचा, सगळं सांगायला झेनोनराव हजर. फॉर्म भरून झाला की त्याच्यासमोर वाकून तो त्यांचा प्रश्न. वर्षभरात त्या भागातल्या पाचशे घरांतल्या भीत्या एका माणसाच्या डोक्यात जमा झाल्या असतील. पण असा विचार तेव्हा कोण करतो?

सुधीरच्या मात्र डोक्यात आला होता. "तुझा झेनोनराव निवडणुकीची तयारी करतोय बघ," तो म्हणाला. मी म्हणाले, "तुला जिथे-तिथे राजकारण दिसतं." भारतात राहून राजकारण बघितलेली मी, आणि मलाच दिसलं नाही!

क्लबची कमिटी झाली. सहा जण. झेनोनराव अध्यक्ष, दानूता सेक्रेटरी. त्या दिवशी बाराच्या आधीच मी हॉलवर पोचले होते. झेनोनराव दारात आले आणि म्हणाले, "पाच मिनिटं द्याल? तुमची सही पाहिजे."

टेबलावर पाच कागद होते, कमिटीतल्या पाच जणांचे. टाइप केलेले, पोलिशमध्ये एकदा आणि खाली इंग्रजीत एकदा. मी अमुक अमुक, स्वतःच्या इच्छेने कमिटीचा आणि क्लबमधल्या सर्व कामांचा राजीनामा देत आहे. खाली सहीची जागा, तिच्याखाली साक्षीदाराची जागा, आणि वर उजव्या कोपऱ्यात तारखेची जागा. ती कोरी.

"राजीनामा?" मी म्हणाले. "आत्ता तर कमिटी झाली!"

"पद्धत आहे आमची," झेनोनराव म्हणाले. "माणूस पदावर येतो त्याच दिवशी जायचा कागद देतो. म्हणजे खुर्चीचा मोह होत नाही."

मला ते फार थोर वाटलं. खरंच सांगते, अंगावर काटा आला. आपल्याकडे मंडळाच्या खजिनदाराला हलवायचं म्हणजे क्रेन लागते, आणि ही माणसं बघा!

"पण तारीख?"

"तारीख जायच्या दिवशी घालायची असते. आज इथून कोण जाणार आहे?" सगळे हसले. दानूताही हसली.

झेनोनरावांनी खिशातून एक पेन काढलं. काळसर शाईचं, हिरव्या टोपणाचं. पाचही जणांनी त्याच पेनाने सह्या केल्या. मी पर्समधून माझं पेन काढायला लागले तर त्यांनी हलकेच माझ्या मनगटावर हात ठेवला. "हे घ्या. सगळं एका शाईत बरं दिसतं." मग माझ्याकडे वाकून म्हणाले, "तुम्ही आमच्यातल्या कुणाच्या नाहीत. आणि तुमच्या वडिलांची मुलगी आहात. या कागदाला त्यामुळे वजन येतं."

बाबांची मुलगी! एवढं ऐकल्यावर मी कशाला थांबते? फलटणच्या दवाखान्यातलं ते टेबल, ती रांग, हात पुसत येणारे बाबा, सगळं डोळ्यांपुढे आलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या सहीला कुणीतरी किंमत देत होतं. मी पाच सह्या ठोकल्या, वळणदार, खाली नाव आणि हॉस्पिटलमधला हुद्दासुद्धा. बाबांनी जे उभ्या जन्मात केलं नाही ते मी बाबांच्याच ऐटीत केलं. झेनोनरावांनी कागद उचलले, फुंकर घातली आणि लाल कोटातल्या शिपायाचं चित्र असलेल्या बिस्किटांच्या डब्यात ठेवले. पेनाला टोपण लावलं. त्या पेनाने त्यांनी दुसरं काही लिहिलेलं मी नंतर कधी बघितलं नाही. हॉस्पिटलच्या चिठ्ठ्या ते साध्या निळ्या बॉलपेनने लिहायचे.

त्यानंतर दोघे जण कमिटीतून गेले. पहिला एक प्लंबर होता, भर मीटिंगमध्ये झेनोनरावांना उलट प्रश्न विचारायचा. दुसरी एक बेकरीतली बाई. दोन्ही वेळा नोटीसबोर्डवर राजीनामा लागला. मी एकदा विचारलं, "प्लंबर का गेले हो?" झेनोनराव म्हणाले, "मी कुणाला काढत नाही. लोक आपणहून जातात." नोटीसबोर्डवरची माझीच सही बघून मला तर बरं वाटलं होतं. म्हटलं, किती शिस्तीत चाललंय सगळं.

मग वसंतात पोलंडहून त्यांच्या पक्षाचा मोठा पुढारी येणार असं ठरलं. निवडणूक तोंडावर होती आणि इथल्या पोलिश लोकांची मतं त्यांना हवी होती. झेनोनरावांना त्या पुढाऱ्यापुढे शाळेतली मुलं उभी करायची होती, पक्षाचे झेंडे हातात देऊन, पक्षाचं गाणं म्हणायला. कमिटीत विषय निघाला, आणि दानूता म्हणाली, "मुलं नाहीत."

हे तिने मला त्याच दिवशी चहा पिताना सांगितलं. "मी म्हटलं, मोठ्यांना काय करायचं ते करा. माझ्या वर्गात झेंडा येणार नाही. लहानपणी आम्हीही असे झेंडे हलवलेत, कुणाचे ते न कळता."

"मग ते काय म्हणाले?"

"काही नाही. 'बरं' म्हणाले." तिने कप धुतला. "'बरं' म्हणाले आणि हसले."

पुढच्या शनिवारी मी हॉलवर आले तर दानूता कोट काढायच्या जागी उभी होती. एका पायात कामाचा बूट, एका पायात टाचांचा. नोटीसबोर्डकडे बघत होती. तिचा राजीनामा लागला होता. उजव्या कोपऱ्यात आदल्या दिवसाची, शुक्रवारची तारीख, त्याच काळसर शाईत. तिची सही. खाली माझी.

"मी काल सकाळी सातपासून वॉर्डमध्ये होते," ती म्हणाली. "तू बघितलंस मला. तुझ्या जिमची फरशी पुसली मी."

बघितलं होतं. आतल्या खोलीत कुणीतरी तरुण बाई मुलांना रांगेत उभं करत होती. मुलं दाराकडे बघत होती, दानूता आत का येत नाही म्हणून. दानूताने टाचांचा बूट काढला, पिशवीत ठेवला, कामाचा बूट घातला आणि गेली. मला तिच्या मागे जायला हवं होतं. पण माझी नऊ मुलं आली होती, आणि... नाही, मुलांचं निमित्त कशाला? मी गेलेच नाही.

बारा वाजून गेले तरी आतला वर्ग संपेना. आम्ही पॅसेजमध्ये भिंतीला टेकून उभे होतो. आत तीस मुलं एका सुरात कसलं तरी गाणं म्हणत होती, पायांनी ठेका धरून, आणि मध्येच सगळी मिळून एक घोषणा द्यायची. माझ्या वर्गातल्या चिमुरड्या अनयाने माझा हात घट्ट धरला. "मावशी, ते एवढे ओरडतात का?" मी म्हणाले, "गाणं आहे गं ते."

सोमवारी दानूता जिममध्ये आली. बादली बाहेर ठेवून आली होती. हातात कोरा कागद.

"मी लोकांना सांगितलं की मी राजीनामा दिला नाही. ते म्हणतात, हॉस्पिटलच्या बाईंची सही आहे, त्या कशाला खोटं करतील? तू फक्त एवढं लिही, की सही केलीस तेव्हा तारीख नव्हती. मी तो नोटीसबोर्डवर लावते. मला कमिटी नको. मला शाळा पाहिजे."

"लिहिते ना," मी म्हणाले. "उद्या देते नक्की."

का उद्या? पाच ओळींचं काम होतं. पेन खिशात होतं. 

त्याच दुपारी झेनोनराव एका आजोबांना घेऊन आले. मी आजोबांना पॅरलल बारच्या दोन दांड्यांमध्ये चालायला उभं केलं. एरवी पेशंट सोडून ते निघून जायचे, आज थांबले. आजोबा एकेक पाऊल टाकत होते, मी त्यांच्या कमरेचा पट्टा धरून शेजारून चालत होते, आणि बारच्या पलीकडून झेनोनराव माझ्या बरोबरीने चालत होते.

"वडील कसे आहेत तुमचे?"

"बरे आहेत."

"सही अजून करतात?"

"रिटायर झाले. आता कोण विचारतंय."

"दानूता रागात आहे," ते अगदी हळू म्हणाले. "रागात माणूस काहीही मागतो. तुम्ही लिहून दिलंत, की कोऱ्या कागदावर साक्षीदार म्हणून सही केली, तर लोक तिला विसरतील. तुमच्याबद्दल बोलतील. हॉस्पिटलला कळेल. तुमचं रजिस्ट्रेशन आहे, नाही का? असं काही कळलं की चौकशी करतात म्हणे. वडिलांना काय सांगाल? या वयात." आजोबांचा पाय अडखळला. झेनोनरावांनी चटकन हात पुढे करून त्यांना सावरलं. "सावकाश," ते आजोबांना म्हणाले. "मी आहे ना."

एवढंच. धमकी दिली असं मी कुणाला म्हणू शकले नसते. माझी काळजी करणाऱ्या माणसाचाच आवाज होता तो. संध्याकाळी मी सुधीरला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "लिहून दे. होईल ते होईल." त्यानंतर बाबांचा फलटणहून फोन आला, आंब्याची पेटी उतरवली म्हणून सांगत होते, आवाजात कसला आनंद. मी त्यांना काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी दानूता आली. मी पेशंटच्या फायलीतून मान वर न करता म्हणाले, "दानूता, तारीख होती की नव्हती, मला नीट आठवत नाही गं."

ती रडली असती, भांडली असती तर बरं झालं असतं. ती बाहेर जाऊन बादली आत घेऊन आली आणि माझ्या खुर्चीभोवतीची फरशी पुसायला लागली. मला म्हणाली, "पाय उचल."

तो पुढारी आला, मुलांनी झेंडे हलवले, पुढाऱ्याने झेनोनरावांना मिठी मारली. महिन्याभरात त्यांना तिकडून बोलावणं आलं. शेवटच्या दिवशी ते निरोप घ्यायला जिममध्ये आले. त्यांच्या हातात रिकामी व्हीलचेअर होती आणि तिच्या सीटवर तो बिस्किटांचा डबा. मी खुर्चीत बसून नोट्स लिहीत होते. ते माझ्या समोर आले, कमरेत वाकले, माझ्या डोळ्यांच्या पातळीला आले. मी उठायला गेले तर त्यांनी हाताने खूण केली, बसा.

"कशाची भीती वाटते?" त्यांनी विचारलं.

  त्यांनी थोडी वाट बघितली, मग मी काहीतरी सांगितल्यासारखी मान डोलवली, डबा असलेली ती व्हीलचेअर वळवली आणि सावकाश ढकलत पॅसेजमधून लिफ्टकडे गेले. मी त्यांना प्रत्यक्ष बघितलं ते तेवढंच शेवटचं.

पुढचं सगळं ऐकीव. ते तिकडे निवडून आले. दोन वर्षांत पक्षाचे नेते झाले. इथे येऊन त्यांना मिठी मारणारा तो पुढारी प्रकृतीच्या कारणाने आपणहून बाजूला झाला, असं किचनमधल्या पोलिश बायका सांगायच्या. सुधीर म्हणाला, "डबा बरोबर नेला होता ना त्याने? मग झालं तर." सुधीर आता त्यांना राव म्हणत नव्हता. माझ्या तोंडून मात्र ते राव कधी गेलं नाही. जीभ धजावत नाही म्हणा.

दानूताची शाळा तिला परत मिळाली नाही. शनिवारीही ती शिफ्ट घ्यायला लागली. मला दिसली की "मॉर्निंग" म्हणायची, तेवढंच.

मध्यंतरी बाबा गेले. मी फलटणला जाऊन आले. भेटायला आलेला प्रत्येक माणूस बाबांच्या सहीची काही ना काही गोष्ट सांगत होता. ज्याला सही दिली नव्हती तो चुलतभाऊसुद्धा. मी ऐकत बसले. विमानात परतताना मनात आलं, आता तर ज्यांच्यासाठी भीत होते ते राहिले नाहीत. आता काय अडलंय? तरीसुद्धा पुढचे सात-आठ महिने मी दानूताकडे गेले नाही. बाबांचं नाव मी पुढे करत होते इतकंच. मी भित्री होते, बाकी काही नाही.

एक दिवस तीच आली. सकाळची पहिली वेळ, पेशंट यायचे होते. तिने मॉप भिंतीला टेकवला आणि एक पोलिश वर्तमानपत्र पॅरलल बारवर पसरलं. पहिल्या पानावर झेनोनराव. केस पांढरे झालेले, बाकी तेच. कोटाच्या खिशात हिरवं टोपण दिसत होतं. हातात एक कागद धरून ते कॅमेऱ्यापुढे उभे होते.

"मंत्री होणार आहे," दानूता म्हणाली. "त्याच्या पक्षातल्या एका बाईने विरोध केला. हा तिचा राजीनामा. ती म्हणते मी दिलाच नाही. कुणी विश्वास ठेवत नाही तिच्यावर."

कागदाचा फोटो खाली वेगळा छापला होता. कोपऱ्यात तारीख. मध्ये सही.

"त्याच्याखाली बघ," दानूता म्हणाली.

साक्षीदाराची सही होती. वळणदार, खाली नाव, हुद्दा.

"त्याच्या गावातली दातांची डॉक्टर आहे. वडील न्यायाधीश होते." दानूताने बोट त्या सहीवर ठेवलं. "तुझ्यासारखीच. चांगल्या घरातली."

मला वाटलं, जमीन दुभंगून आत घेईल तर बरं. दानूता पुढे सांगत होती, की तिकडच्या एका बातमीदाराने तिला शोधून काढलंय, लीड्समध्ये असं काही झालं होतं का म्हणून विचारतोय. तिने सांगितलं ते सगळं. पण तो म्हणाला, कागद पाहिजे.

"मी तुला मागणार नाही," ती म्हणाली. "एकदा मागितला होता." आणि वर्तमानपत्राची घडी घालायला लागली.

मी ड्रॉवरमधून कागद काढला. उभ्या-उभ्याच लिहिलं, इंग्रजीत, माझ्या साध्या पेनाने. चर्च हॉलमध्ये पाच राजीनाम्यांवर मी साक्षीदार म्हणून सही केली. त्यातला एक दानूताचा. मी सही केली तेव्हा एकाही कागदावर तारीख नव्हती. तारीख होती की नाही हे आठवत नाही असं मी नंतर तिला सांगितलं, ते खोटं होतं. मला चांगलं आठवत होतं. खाली सही, नाव, हुद्दा. या वेळी सही वळणदार आली नाही. कागद मी तिच्या हातात दिला.

दानूताने तो खिडकीपाशी नेऊन दोनदा वाचला. एकेका शब्दाखाली तिचं लाल बोट सरकत होतं. मग ती माझ्याकडे परत आली आणि कागद पुन्हा माझ्यापुढे ठेवला.

"तारीख," ती म्हणाली.

मी कोपऱ्यात बघितलं. जागा कोरी होती. मी पेनाचं टोपण काढलं आणि ती बघत असताना त्या दिवसाची तारीख घातली.